पोथीवरचे डाग

कडेगावच्या आमच्या घरातली हातानं लिहिलेली पोथी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विद्यापीठाच्या ग्रंथालयाला स्वतःहून दिली. लढाईचे दिवस होते. जुन्या पोथ्या गोळा करत एक गृहस्थ गावात आले होते आणि आमच्या पोथीच्या कोनाड्याला नुकतीच वाळवी लागली होती. आबांनी पोथीला हळदकुंकू वाहिलं, लाल फडक्यात बांधली आणि त्यांच्या हवाली केली.

दर श्रावणात आबा ती जमलेल्या माणसांपुढं वाचत. पुढच्या श्रावणात आमच्याकडं पोथी लागली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. माणसं येत, वाट बघत आणि तंबाखू मळून उठून जात. मी सांगलीहून तीच पोथी छापील आणून दिली. आबांनी पानं चाळली आणि बाजूला सारली.

"ही आपली न्हाई."

मला हा निव्वळ हट्ट वाटला. चिडलोही.

मी तेव्हा विद्यापीठात एम.ए. करत होतो. उसाची लागण उरकल्यावर आबा एक दिवस थेट तिथं येऊन उभे राहिले. त्यांना पोथी परत न्यायची होती. ग्रंथपाल भले गृहस्थ होते. एकदा दिलेली पोथी परत मिळत नाही, पण इथं बसून हवी तेवढी वाचा, म्हणाले.

वाचायच्या दालनाच्या दारात आबांनी पायताण काढलं. हातपाय धुऊन आले. पोथी समोर येताच तिला डोकं टेकवलं, पानांवरून बोट फिरवलं आणि हळदीच्या एका डागावर थांबले. "हां, हितनं," म्हणाले, आणि खणखणीत आवाजात सुरू झाले. सगळ्या दालनानं माना वर केल्या. शिपाई धावत आला.

"आवं, मग पोथी वाचायची कशी?" आबांनी त्यालाच विचारलं.

आमच्याकडं मनातल्या मनात पोथी वाचणं म्हणजे न वाचणंच.

ग्रंथपालांनी आम्हाला मागच्या अंगाला, पुस्तकं बांधायच्या खोलीत बसवलं. तिथं खळीच्या वासात आबांनी अख्खा अध्याय म्हटला. बांधणारे दोघं हातातलं काम ठेवून ऐकत होते. मी समोर बसलो होतो. अध्याय संपला तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आबांनी पान उलटलंच नव्हतं.

घरी ते उलटत असत. त्या दिवशी भान राहिलं नसावं. माझ्या आबांना अक्षरओळख नव्हती. आजोबांच्या तोंडून ऐकून त्यांनी सगळं पाठ केलं असणार, आणि कुठला अध्याय कुठं लागतो ते त्यांना डागांवरून कळत होतं. छापील पोथी स्वच्छ होती. मी त्यांना गाडीत बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी ती पोथी पुन्हा मागवली. तिच्यातलं एक अक्षरही वाचलं नाही. पहिल्या अध्यायाला हळदीचं बोट, त्याच्या पुढच्याला तुपाचा थेंब, एका ठिकाणी उदबत्तीनं पडलेलं भोक. शेवटच्या पानापर्यंत सगळं नीट बघून घेतलं.

श्रावणाच्या तोंडावर घरी गेलो. सगळे रानात गेल्यावर छापील पोथी, हळद, तूप आणि पेटती उदबत्ती घेऊन बसलो.

पहिल्या सोमवारी माणसं जमली. मी ती पोथी आबांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी नाइलाजानं उघडली. बोट पानावरून सरकत आलं आणि हळदीपाशी थांबलं. आबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"हां, हितनं," म्हणाले, आणि वाचू लागले.