अकरा पावलांचा पंचनामा

घटनाक्रम आधी नोंदवतो, म्हणजे पुढे कोणाला तो नाकारता येणार नाही. माघातल्या दुसऱ्या सोमवारी माझ्या सूनबाईंनी दोन वर्षे खपून तयार केलेला, संगणकावर खेळायचा एक छोटा भयखेळ, असे खेळ विकणाऱ्या एका मोठ्या मंचावर प्रसिद्ध झाला. त्याच आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत खेळाडूंनी तो नापास केला. पुढच्या मंगळवारी माझ्या व्याह्यांनी, म्हणजे सूनबाईंच्या वडिलांनी, त्या मंचावर आपला अभिप्राय लिहिला. शनिवारी तो अभिप्राय काढून टाकण्यात आला. जबाबदार पुढीलप्रमाणे. एक, सदर मंच, ज्याला पत्ता आहे पण माणूस नाही. दोन, टोपणनावाआडून 'भूत कुठाय?' असा सवाल टाकून जांभया देणारे खेळाडू. तीन, मी स्वतः, कारण अभिप्रायाचा रकाना व्याह्यांना मीच दाखवला. व्याही निर्दोष आहेत. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेख.

माझे व्याही हे भोकरदन आणि जाफराबाद या दोन्ही तालुक्यांतले एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांना भीतीसुद्धा मोजून पाहिल्याखेरीज वाटत नाही. राहणार धावडा. सारी नोकरी भूमिअभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून गेली. मोजणीची साखळी खात्याकडे जमा करून ते निवृत्त झाले, पण पाय जमा करता येत नाहीत, त्यामुळे मोजणी चालूच राहिली. ते चालतात तेव्हा चालत नसतात, मोजत असतात. मुलीच्या लग्नात, वरात दारात आली असताना, वधूपिता मांडवाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे एकसारख्या पावलांनी निघाले होते. मला वाटले, काही विधी असावा. ते मला व्याही न म्हणता 'इवाई' म्हणतात. परत येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "इवाई, मांडव दोन पावलं कमी हाय." मांडववाला धावत आला. "काका, कपडा हाय तो, उन्हानं आखडतो." व्याह्यांनी शांतपणे विचारले, "कपडा आखडला, बराबर. मंग बांबू बी आखडले का?" मांडववाल्याने आणखी दोन बांबू आणले, तेव्हाच मंगलाष्टके सुरू झाली.

आमच्या न्हाणीघरात एकदा साप निघाला. मी न्यायालयात अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला मनुष्य असल्याने प्रथम शेजाऱ्यांना साक्षीस बोलावले आणि अंगणाबाहेर उभा राहिलो. व्याही त्या दिवशी आमच्याकडेच होते. त्यांनी काठी मागितली. आम्हाला वाटले, मारणार. त्यांनी काठी सापाशेजारी जमिनीवर आडवी धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "सव्वाचार हात. धामण हाय. जाऊ द्या तिला." धामण गेली. धामणीलाही हा मनुष्य नीट ओळखता आला असावा, कारण तिने जराही घाई केली नाही.

त्यांचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्यांची कोल्हापुरी पायताणे. डाव्या टाचेला त्यांनी स्वतः ठोकलेला एक खिळा होता, त्यामुळे त्यांचे डावे पाऊल 'टक्' असे वाजे आणि उजवे मुकाट पडे. ही पायताणे दोन वर्षांपूर्वी त्यांच्या ओसरीतून नाहीशी झाली. त्यांनी त्याचा रीतसर पंचनामा केला, शेजारच्या घराचा एक भुरक्या रंगाचा कुत्रा संशयित म्हणून नोंदवला, आणि पुढे पुराव्याअभावी त्याला सोडून दिले. "उगंच मुक्या जनावरावर आळ नको," असे ते मला म्हणाले होते. तरीही त्या कुत्र्याकडे पाहताना त्यांची नजर पहिल्यासारखी राहिली नव्हती.

असा हा निर्भय मोजणीदार एका गोष्टीपुढे मात्र हात टेकतो. जमिनीच्या हद्दी ज्याने आयुष्यभर बेधडक ओलांडल्या, तो माणसांची हद्द कधी ओलांडत नाही. आमच्या घरी आले तर फाटकाबाहेर उभे राहतात. कडी वाजवीत नाहीत, हाक मारीत नाहीत. एकदा मी बाहेर आलो तर हे भर उन्हात आमच्या विजेच्या मीटरचे आकडे वाचीत उभे. मी म्हणालो, "अहो, किती वेळ झाला? आवाज द्यायचा!" तर म्हणतात, "अर्धा घंटा झाला आसंल. तुम्ही जेवून राह्यले आसाल म्हून थांबलो." मुलगी बारावीला असताना विहीणबाई गेल्या. त्या वर्षाविषयी त्यांनी मला कधी एक शब्द सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. तिथे कोणाची हद्द होती, हे आम्हा दोघांनाही पुरेपूर ठाऊक होते.

आता खेळाविषयी. सूनबाई इथल्या शाळेत संगणक शिकवतात आणि उरलेल्या वेळात हे काम करतात. खेळ जेमतेम चाळीस मिनिटांचा. एक खेड्यातले घर आहे, ओसरी, माजघर, सैपाकघर आणि मुलीची अभ्यासाची खोली. आपण ती मुलगी. घरात आपल्याखेरीज कोणी नाही. खोलीचे दार लावून अभ्यासाला बसले की बाहेर ओसरीवर पावले सुरू होतात. दार उघडून पाहावे तर ओसरी रिकामी. पुन्हा दार लावले की पुन्हा पावले. ती दारापर्यंत येतात, थांबतात आणि माघारी वळतात. शेवटच्या वेळी ती दारापाशी थांबतात आणि वळतच नाहीत. पडदा काळा होतो, त्यावर एक ओळ उमटते, 'आज तरी दार वाजेल.' खेळ समाप्त.

खेळाडूंना हे पटले नाही. एकाने लिहिले, मी सगळे घर फिरलो, मांडणीवरची भांडी मोजली, भूत शेवटपर्यंत आले नाही. दुसऱ्याने लिहिले, शेवटच्या वेळी दार उघडत नाही ही उघड फसवणूक आहे. तिसऱ्याने स्वतः खेळताना चित्रण करून ते लोकांना दाखवले आणि त्यात ऐन पावलांच्या जागी चिवड्याचे पाकीट फोडले. काहींना तो आवडलाही, परंतु ते हळू बोलणारे लोक होते. गुरुवारी जेवताना सूनबाई म्हणाल्या, "मामा, मी आता अभिप्राय वाचणार नाही. एकही नाही. आणि पुढचा खेळ करणार नाही. मला जे सांगायचं होतं ते कोणाला कळलंच नसेल, तर माझंच चुकलं." बोलताना आवाज साधा होता. मी भाकरी मोडायची थांबलो, एवढेच आठवते.

मंगळवारी व्याही धावड्याहून भोकरदनला जीप बदलून आले. सूनबाई शाळेत होत्या. "पोरीनं काय केलं ते दाखवा," म्हणाले. खेळाच्या सुरुवातीला सूचना येते की अंधारात, कानाला यंत्र लावून, एकट्याने खेळावे. व्याह्यांनी ती फेटाळली. "पाहणी उजेडात करत असतेत." म्हणून सकाळी अकरा वाजता, खिडक्या उघड्या, आवाज मोठा, शेजारी मी आणि पुढ्यात चहा, अशा स्थितीत तो भयखेळ सुरू झाला. दारातच त्यांनी मला विचारले, "चपला कुठं काढायच्या?" मी म्हणालो, खेळात ती सोय नाही. त्यांना ते रुचले नाही, पण ते आत गेले. मग त्यांनी कागद मागवला आणि खोल्या मोजायला सुरुवात केली. बाणांच्या कळा दाबत एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे, ओठ हलवीत. पंधरा मिनिटांत कागदावर घराचा नकाशा उतरला. तो त्यांनी दूर धरून पाहिला.

"इवाई, हे आमचं घर हाय. मोरी तेवढी डाव्या अंगाला नेली तिनं."

मग त्यांनी मुलीच्या खोलीचे दार लावले आणि पावले सुरू झाली. टक्, मग मुके. टक्, मग मुके. त्यांची पेन्सिल प्रत्येक पावलाला कागदावर रेघ ओढीत होती. अकरा रेघा झाल्या आणि पावले थांबली. ती माघारी वळली तेव्हा पुन्हा अकरा. व्याह्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मला तेवढ्यात एक जुनी गोष्ट आठवली. सूनबाई एकदा आमच्या ओट्यावर आवाज टिपायचे यंत्र ठेवून, पायाला दोन बोटे मोठी अशी पुरुषी पायताणे घालून, मोजल्यासारख्या फेऱ्या घालीत होत्या. मी विचारले तेव्हा म्हणाल्या होत्या, "खेळासाठी लागतंय, मामा." भुरका कुत्रा निर्दोष होता.

शेवट आला. पावले दारापाशी थांबली, पडदा काळा झाला, ओळ उमटली. व्याह्यांनी बाणाची कळ आणखी एकदा दाबून पाहिली.

"पुढं?"

"पुढे काही नाही. संपला खेळ."

"दार वाजवायचं बटन कोन्तं?"

"तसे बटण नाही. आपण आतल्या बाजूला आहोत. वाजवायचे ते बाहेरच्याने."

त्यांनी पाणी मागितले. ते पिऊन झाल्यावर, माझ्याकडे न पाहता, जे त्यांनी कधी सांगितले नव्हते ते सांगितले. "पोरीची माय गेल्यावर मी रोज दिवेलागणीला ओसरीवर फेऱ्या घालायचो. पोरीच्या दारापस्तोर जायचो. वाटायचं, आत जावं, बसावं जरा. पुन्ना वाटायचं, अभ्यास करून राह्यली, कशाला मोडता घाला. आन् आत जाऊन बोलू काय? मंग माघारी. वर्षभर, इवाई. मला काय ठावं, ती आतून ऐकून राह्यली."

याच वेळी मी ती चूक केली. मी म्हणालो, इथे अभिप्राय लिहिण्याची सोय आहे. त्यांनी सांगितले, मी टंकले. मंचाच्या रकान्यात जे गेले त्याची नक्कल मी काढून ठेवली आहे, कारण नक्कल काढून ठेवणे हा माझा जन्माचा स्वभाव आहे. ती अशी:

"लिहून देणार या मुलीचा बाप, राहणार धावडा. लिहून देतो की, आज रोजी सदर घराची उजेडात पाहणी केली. भिंती सरळ आहेत. मोरीची दिशा चुकली आहे, बाकी मोजमाप बरोबर. भूत आढळून आले नाही. ओसरीवर पावले ऐकली, मोजली, अकरा भरली. पावले माझी आहेत. पायताणही माझे आहे, दोन वर्षे सापडत नव्हते, ते सापडले. दार वाजवायचे राहून गेले ही कसूर माझी आहे, खेळ करणारीची नाही. तरी भूत का आले नाही, अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी ती माझ्याकडे करावी."

चार दिवसांत काय घडले ते मी रोज पाहत होतो. लोकांनी ते मराठी आपापल्या भाषांत यंत्राने करून वाचले. चिवडेवाल्याने लिहिले, मी परत खेळलो, या वेळी पाकीट फोडता आले नाही. मांडणीवरची भांडी मोजणाऱ्याने आपला जुना अभिप्राय मागे घेतला. कोणा परक्या मुलखातल्या खेळाडूने एकच ओळ लिहिली होती, 'या काकांना कोणीतरी सांगा, दार आत्ता वाजवा.' आणि जिच्यासाठी हे सगळे होते, तिने मात्र अभिप्राय न वाचण्याचा निश्चय केलेला. मी व्याह्यांना फोन केला, म्हणालो, नक्कल सूनबाईंना देतो. ते घाबरले. मी त्यांना प्रथमच घाबरलेले ऐकले. "नका, इवाई. तिच्या हातात नका देऊ. तिनं आपून होऊन वाचलं, तर वाचलं." मी शब्द दिला. वाटले, कधीतरी तिचा निश्चय ढळेल, ती तिथे जाईल आणि तिला ते सापडेल. शनिवारी अभिप्राय गेला.

कारण कळवण्यात आले ते असे की, खेळ करणाऱ्याच्या नातलगास अभिप्राय देता येत नाही. नियम मी वाचला आहे. नियम आहे, हे मी मान्य करतो. परंतु माझे आयुष्य ज्या इमारतीत गेले तिथे मी एवढे शिकलो की, साक्षीदार नातलग आहे एवढ्यानेच त्याची साक्ष फेकून देता येत नाही, ती अधिक काळजीने तपासायची असते. ज्याने नाते लपवले त्याचा अभिप्राय राहतो आणि ज्याने पहिल्याच ओळीत 'मुलीचा बाप' असे लिहून दिले त्याचा जातो, हा कोणता न्याय? शिवाय त्या घरातला प्रत्यक्षदर्शी दुसरा आहे कोण? मी तीन पत्रे पाठवली. तिन्हींना एकच उत्तर आले, तेही यंत्राचे, की माझा अनुभव त्यांना मोलाचा वाटतो.

परवा व्याही येऊन गेले. या वेळी हाकेची वाट न पाहता फाटकातून आत आले, ही प्रगतीच म्हणायची. सूनबाई खोलीत वह्या तपासत होत्या, दार लोटलेले होते. व्याही आमच्या पडवीतून त्या दारापर्यंत गेले. आमची पडवी लहान आहे, आठच पावलांची. नवी चप्पल रबराची असल्याने वाजत नव्हती. दाराशी ते थांबले. हातही थोडा वर गेला. मग परत येऊन माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "वह्या तपासून राह्यली. जल्दी काय हाय?"

मी दिलेल्या शब्दाचा अर्थ शब्दशः लावतो. सूनबाईंच्या हातात मी नक्कल दिलेली नाही आणि देणार नाही. हा लेख मात्र छापला जाईल आणि छापलेला अंक आमच्या घरी मेजावर नेहमीप्रमाणे पडलेला असेल, याबाबत कोणतेही वचन मी कोणास दिलेले नाही. तरीही त्यामुळे मंचाची सुटका होत नाही. बापाचे म्हणणे ज्या जागेवरून काढले त्याच जागी ते परत ठेवावे, कारण तिथे लिहून त्याने तो दरवाजा आयुष्यात पहिल्यांदा वाजवला होता. आणि ते जमत नसेल, तर ज्या ओसरीवर अकरा पावले टाकणारा मनुष्य एकच होता, तिथल्या पावलांविषयी त्याच्याखेरीज कोणाची साक्ष त्यांना चालली असती, याचे उत्तर यंत्राने नव्हे, एखाद्या माणसाने, स्वतःच्या नावानिशी आणि सर्वांदेखत द्यावे.