भोवरीची शेपूट

"पंधराव्या पानावरचा जीव पोहू शकत नाही." बाहेरच्या परीक्षकाच्या ई-मेलमध्ये एवढंच होतं. पुस्तक छपाईला जायला आठवडा उरला होता.

पुस्तक होतं एका काल्पनिक ग्रहाच्या समुद्राचं. तिथे जीव उत्क्रांत झाले असते तर कसे दिसले असते, याची चित्रं. म्हैसूरच्या एका छोट्या स्टुडिओत ते काम चाललं होतं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेला मी तिथे सायंटिफिक कन्सल्टंट होतो. प्रत्येक जिवाला खाता येईल, हलता येईल, वाढता येईल ना, हे मी तपासायचो. जीव कल्पनेतला असला तरी पाणी पाण्यासारखंच वागतं.

चित्रं रेखा जाधव काढायची. चाळिशीची, आमच्यासारख्याच जुन्या म्हैसूरकर मराठी घरातली. कॉन्ट्रॅक्टवर होती.

पंधराव्या पानावर तिची भोवरी होती. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, समुद्राच्या वरच्या थरात उजेडावर जगणारी. रेखाने तिला मागे स्क्रूसारखी पिळदार शेपूट दिली होती. शेपूट गरगर फिरली की भोवरी पुढे सरकायची.

मी ती शेपूट आधीच काढून टाकली होती. मूळ चित्राला हात लावायचा नाही, अशी आमची पद्धत. वर ट्रेसिंग पेपर लावायचा, त्यावर लाल पेन्सिलीने दुरुस्ती काढायची, कोपऱ्यात सही करायची. त्यावरून रेखा नवं चित्र करायची. मी भोवरीला दोन बाजूंना दोन वल्ही दिली होती, नावेसारखी, पुढे-मागे हलणारी.

"सर, इतक्या बारक्या जिवाला वल्ही चालतात? मी वाचलं ते वेगळंच होतं."

"मासे शिकवण्यात माझी अख्खी नोकरी गेली, गोत्ता, ठाऊक आहे ना? तू सुम्ने, गुपचूप काढ."

चूक इथेच झाली. मी माशांचा माणूस. चित्र टेबलभर मोठ्या कागदावर. बघता बघता भोवरी मला माशाएवढीच वाटायला लागली. पण एवढ्या लहान जिवाला पाणी मधासारखं घट्ट लागतं. वल्हं मागे रेटून तो जितका पुढे जाईल, तितकाच ते पुढे आणताना मागे येईल. दिवसभर वल्हवून जागच्या जागी. पिळदार शेपूट मात्र लाकडात स्क्रू शिरावा तशी पाण्यात शिरत जाते. रेखाचं बरोबर होतं.

ई-मेल आल्याच्या दुसऱ्या दिवशी अकराला त्यावर मीटिंग होती. मी दहाला पोचलो, फाइलमधून ते ट्रेसिंग काढलं आणि पिशवीत घातलं.

स्टुडिओचा मालक नागेश कानडी. आमच्याशी अर्धंमुर्धं मराठी बोलायचा.

"एन् सर, काय हे? नाव भोवरी, आणि फिरतच नाही! ही वल्ही कुणाची आयडिया?"

"सरांची," रेखा म्हणाली. "मी शेपूट काढलेली. सरांनी ट्रेसिंगवर बदलली."

नागेशने फाइल चाळली. "ट्रेसिंग तर नाही इथं. सर?"

"मला तरी आठवत नाही," मी म्हणालो.

रेखा माझ्याकडे वळली. "अय्यो सर! काल तर तुम्हाला पानांचे नंबरसुद्धा पाठ होते."

"रेखा, चूक झाली तर झाली म्हणायचं," नागेश म्हणाला. "मोठ्या माणसावर ढकलायचं नाही."

त्याच दिवशी नागेशने तिचं कॉन्ट्रॅक्ट संपवलं. भोवरीची शेपूट मीच परत 'सुचवली' आणि नागेशने माझे आभार मानले. भोवरी स्टुडिओत सगळ्यांना इतकी आवडली की कव्हरवर गेली. आत छापलं होतं: भोवरीची कल्पना, माझं नाव. रेखाचं नाव शेवटच्या पानावर, बारीक टायपात, मदतनिसांच्या यादीत.

दोन वर्षांनी दुसरी आवृत्ती निघणार असं कळलं. मी ट्रेसिंग घेऊन नागेशकडे गेलो. त्याने माझी सही दोनदा पाहिली.

"सर, हे फाडलं का नाही तुम्ही?"

"फाडवलं नाही. माझं नाव काढ, तिचं घाल."

"कुणी विचारलं तर काय सांगू?"

"मी खोटं बोललो म्हणून सांग."

रेखा आता कृष्णराजनगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. मी बसने गेलो. शाळेच्या फाटकातच तिने सगळं ऐकून घेतलं.

"वर्षभर एकाही स्टुडिओनं मला काम दिलं नाही, सर. म्हैसूरात सगळे एकमेकांना विचारतात." मग ती म्हणाली, "नाव छापताय ते बरं करताय. पण तुम्हाला हलकं वाटावं म्हणून मी काही बोलणार नाही."

घंटा झाली. ती वर्गावर गेली.

दुसरी आवृत्ती आली. कव्हरवर रेखा जाधवचं नाव आहे. नागेशने तिला नवं पुस्तक देऊ केलं. तिने नाही म्हटलं.

हे काम करणाऱ्यांना एकच सांगतो. दुरुस्ती केली की सहीची प्रत त्याच दिवशी चित्रकाराच्या हातात द्या. स्वतःच्या प्रामाणिकपणावर विसंबू नका. माझा तर एका सकाळीपुरताही टिकला नाही.