पूर्वेच्या भिंतीवरची कॅलेंडरं

आमच्या बिल्डिंगमधले किस्से मी मुद्दाम कधी गोळा केले नाहीत. ते जिन्यातल्या चपलांसारखे आपोआप साठत जातात. कुठली कोणाची ते कळत नाही, पण ढीग रोज वाढलेला असतो. ह्या ढिगातली पहिली चप्पल म्हणजे आमचं लाटणं.

एका सकाळी मी ते धुऊन ओट्यावर ठेवलं आणि पातेलं घ्यायला वळले. मागून घर्रर्र आवाज आला. लाटणं स्वतःहून निघालं होतं आणि पूर्वेच्या भिंतीला जाऊन टेकलं होतं. मी दचकून पातेलं सोडलं. (मी कशालाही दचकते. लॅबमध्ये काउंटरवर मी रिपोर्ट देते, तिथे प्रिंटर सुरू झाला तरी दचकते. पेशंट मला धीर देतात.)

आई आतून म्हणाली, "काय झालं?"

"लाटणं चाललं."

"गोल आहे, चालणारच."

पण माझं बीएस्सी उगाच झालेलं नाही. मी लाटणं परत मध्यावर ठेवलं. गेलं. पेन्सिल ठेवली. गेली. लिंबू ठेवलं, तेही त्याच भिंतीकडे, फक्त जरा विचार करत करत. आठवडाभर रोज प्रयोग केला. आठव्या दिवशी आईने लाटणं डब्यात घालून झाकण लावलं.

"झालं तुझं शास्त्र," ती म्हणाली.

* * *

बारामतीतली ही आमची बिल्डिंग तीन मजल्यांची. सहा बिऱ्हाडं, सगळी भाड्याची. आम्ही मायलेकी सर्वांत वर. आमच्या बरोबर खाली जगतापमामा, ते रिक्षा चालवतात. त्यांच्या खाली, तळमजल्यावर शालनकाकू. कॉलेजच्या मुलामुलींना त्या डबे देतात. आम्ही देतो त्या भाड्यात आता गावात पार्किंगसुद्धा मिळत नाही.

लाटण्याच्या प्रकारानंतर माझं लक्ष सारखं त्या पूर्वेच्या भिंतीकडे जायला लागलं. आमच्याकडे तिथे साखर कारखान्याचं कॅलेंडर होतं. एकदा शालनकाकूंकडे विरजण आणायला गेले, तर त्यांच्याही स्वयंपाकघरात, त्याच भिंतीवर, त्याच उंचीला कॅलेंडर. जगतापमामांकडे तर दोन, शेजारी शेजारी, आणि त्यातलं एक तीन वर्षांपूर्वीचं.

मी विचारलं, "मामा, हे जुनं कशाला ठेवलंय?"

"त्यातलं चित्र आवडतं मला."

चित्र खताच्या पोत्याचं होतं.

मला वाटलं, पूर्वेला कॅलेंडर लावायची काही पद्धत असेल. घरी येऊन आईला विचारलं तर ती भाजीची पिशवी शोधायला लागली. मग ती भाजीला गेल्यावर मी आमचं कॅलेंडर उचलून बघितलं. मागे भेग होती. वरपासून खालपर्यंत, नदीच्या नकाशासारखी. मध्यावर माझी करंगळी सहज आत जात होती.

आई परत आली तेव्हा मी कॅलेंडर छातीशी धरून उभी होते. तिने पिशवी खाली ठेवली आणि कॅलेंडर माझ्या हातातून घेऊन परत खिळ्याला अडकवलं.

"खाली बोलायचं नाही," ती म्हणाली. "तात्यांना कळलं तर बिल्डिंग पाडतो म्हणतील. समोरच्या बिल्डिंगचं काय झालं, बघितलंस ना?"

तात्या म्हणजे आमचे मालक. समोरच्या बिल्डिंगचं झालं ते असं, की मालकाने 'धोकादायक आहे' म्हणून सगळ्यांना काढलं आणि तिथे आता दुचाकींचं शोरूम आहे. तिथली माणसं कुठे गेली, कोणालाच नीट माहीत नाही.

* * *

मग मला ती योजना सापडली. नगरपरिषदेत मी एका दाखल्यासाठी गेले होते. रांगेत काय करायचं, म्हणून फलक वाचत होते. जुन्या भाड्याच्या इमारतींची मोफत तपासणी, दुरुस्तीला मदत. अट एकच: दुरुस्तीनंतर मालकाने त्याच भाडेकरूंना, त्याच भाड्यात राहू द्यायचं. मी ते चार वेळा वाचलं. माझा नंबर येऊन गेला.

संध्याकाळी गच्चीवर सगळ्यांना सांगितलं. कुठल्याच घराने भेगेचा भ सुद्धा काढला नाही, मीही नाही. मी फक्त म्हणाले, "बिल्डिंग जुनी आहे, दाखवून घेऊ."

जगतापमामा म्हणाले, "फुकट तपासणी? माझ्या रिक्षाची फुकट तपासणी झाली की हमखास पावती फाटती."

शालनकाकू म्हणाल्या, "येऊ द्या की साहेबाला. आपण काय चोऱ्या केल्यात व्हय?"

असं म्हणून त्या ज्या घाईने खाली गेल्या, त्याचं मला तेव्हाच नवल वाटलं होतं.

* * *

इंजिनिअर साहेब यायचे त्या दिवशी आमची बिल्डिंग मुलगी दाखवायला बसवावी तशी बसली होती. जिन्यात रांगोळी. शालनकाकूंचे पोहे. जगतापमामांनी तर भिंतीला पिवळा रंग लावला होता, अजून ओला, आणि वर कॅलेंडरं तीन केली होती.

साहेब तरुण होते, भिडस्त. प्रत्येक घरात त्यांना पाट, पाणी, पोहे. भिंतीला हात लावायला गेले की कोणीतरी म्हणायचं, "साहेब, रंग ओला हाय." कॅलेंडरकडे बघितलं की कोणीतरी तारीख सांगायचं.

आमच्याकडे आल्यावर त्यांनी सरळ मलाच विचारलं, "मॅडम, कुठे तडे, ओल, काही आहे का?"

ही योजना मी शोधून आणली होती. अर्ज मी लिहिला होता. आणि मी कॅलेंडरला पाठ लावून उभी राहिले आणि म्हणाले, "नाही सर. सगळं छान आहे."

आठ दिवसांनी पत्र आलं. 'इमारतीची निगा उत्तम. मदतीची आवश्यकता दिसून येत नाही.'

जगतापमामांनी ते मोठ्याने वाचलं आणि अभिमानाने म्हणाले, "बघा. उत्तम म्हणतोय."

टाळ्या मात्र कोणीच वाजवल्या नाहीत.

* * *

भेग फुटली ती शालनकाकूंच्या परातीत.

त्या कणीक मळत होत्या आणि पूर्वेच्या भिंतीचा हातभर गिलावा कॅलेंडरसकट परातीत आला. त्या दिवशी डबे उशिरा गेले. काकूंनी आम्हाला खाली बोलावलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

"दोन वर्सं झाकतीय मी हिला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्या शेगडीच्या धगीनं झाली. तुमाला कळलं तर मलाच काढताल."

जगतापमामांनी उघड्या भेगेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझ्याकडं बी हाय. मला वाटलं, मी टीव्हीसाठी खिळा ठोकला त्यानं झाली."

आई म्हणाली, "आमच्याकडे खलबत्त्याने."

आम्ही तिन्ही घरांतली कॅलेंडरं उतरवली. मी पेन्सिलने खुणा करत वरून खाली आले. भेग एकच होती. आमच्या छतापासून निघून मामांच्या घरातून काकूंच्या परातीपर्यंत. तीन घरांनी एकच भेग वाटून घेतली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, ती आपली एकट्याची!

साहेबांना परत बोलावलं. ह्या वेळी पोहे नव्हते, नुसत्या उघड्या भिंती. त्यांनी एकेक मजला बघितला, बाहेर जाऊन पाइप बघितला. फुटलेल्या पाइपचं पाणी बिल्डिंगच्या पायात मुरत होतं. मग ते जिन्यात बसले आणि म्हणाले, "पोहे खाल्ले तेव्हाच मला शंका यायला हवी होती."

दुरुस्त होईल म्हणाले. त्याच दिवशी तळमजल्यावर लोखंडी टेकू लावून गेले आणि सांगून गेले, "टेकूवर महिनाभर निघेल. तोवर मालकाचं संमतीपत्र आणा, सहीचं. सही आली तर काम लगेच सुरू. नाही आली, तर मला इमारत रिकामी करायची नोटीस द्यावी लागेल. ती मला द्यायची नाहीये."

* * *

आता तात्यांचं सांगते. ते इंदापूर तालुक्यात राहतात, डाळजला. ऊस आणि पेरू. पूर्वी दर महिन्याला यायचे, पिशवीभर पेरू घेऊन, आणि सहाही घरी चहा घेऊन जायचे. वर्षभरापासून येणं बंद. फोनही बंद, म्हणजे वाजायचा, पण उचलायचे नाहीत.

मी रोज फोन करत होते. आधी वहीत वाक्य लिहायचे: 'नमस्कार तात्या, मी दुसऱ्या मजल्यावरची अश्विनी बोलतेय, घाबरण्यासारखं काही नाही.' मग फोन लावायचे. पूर्ण रिंग जायची. मग 'घाबरण्यासारखं काही नाही' खोडून परत लिहायचे.

जगतापमामांचं मत पक्कं होतं. "गिऱ्हाईक ठरलंय त्याचं. दिवाळीला मी स्वतः बघितलं. रस्त्यापल्याड उभं राहून पूर्वेच्या भिंतीकडं वर बघत हुता, पाच-दहा मिनटं. आत न्हाय आला. जागेचं माप घेत असणार."

महिन्यातले तीन आठवडे असेच गेले.

* * *

शेवटी रविवारी मी आणि शालनकाकू निघालो. भिगवणपर्यंत एसटी, पुढे माणशी भाडं घेणारं वडाप. जीपमध्ये माझ्या मांडीवर कोणाचं तरी माशांचं पाटीभर ओझं, आणि त्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत संमतीपत्र.

तात्या घरी नव्हते. त्यांच्या मंडळींनी चहा टाकला. मी ओसरीवर बसून, सहज म्हणून, फोन लावला. तर डोक्यावरच्या फळीवर घंटी वाजली! मी पुन्हा दचकले, चहा सांडला. फळीवरच्या फोनवर अक्षरं झळकत होती: 'बिल्डिंग वरचा मजला'.

त्या म्हणाल्या, "वाजू द्या. रानात जाताना घरीच ठेवत्यात. पहाटं मोटर चालू कराय जात्यात तेवढा न्हेत्यात बरुबर, बॅटरीच्या उजेडापायी."

काकूंनी विचारलं, "घरी असल्यावर का उचलत न्हाईत मग?"

"मलाबी समजंना. दुसऱ्या कुणाचा बी उचलत्यात. 'बिल्डिंग' दिसलं की ताटावरनं उठत्यात आन् अंगणात फेऱ्या मारत्यात. घंटी थांबली की येऊन बसत्यात, पर जेवत न्हाईत."

मी काकूंकडे बघितलं. काकू हळूच म्हणाल्या, "राग हाय आपला."

मी संमतीपत्र पुढे केलं. "हे तेवढं त्यांना द्याल का? फक्त सही."

त्यांनी हात पदराखाली घेतले. "कागद मी घेत न्हाय बाई. ह्या घरात कागद हातात घितला की अर्धी सही झाली म्हणत्यात. त्यांचं त्यांनाच द्या."

शेवटच्या गाडीपर्यंत वाट बघितली, पण तात्या आले नाहीत. येताना मंडळींनी आम्हाला पेरू दिले. सहा घरांना पुरतील इतके, मोजून सहा वाटे करून. मी बसमध्ये सारखी विचार करत होते, की ज्याला आपल्याला काढायचंय, त्याच्या घरात आपली घरं किती हे तोंडपाठ कसं?

काकू म्हणाल्या, "पेरू खा. लई विचार करती तू."

* * *

आणि हा शेवटचा, परवाचा.

मुदतीचा दिवस. साहेबांनी दुपारपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं होतं. मी पहाटे साडेपाचलाच उठून गच्चीवर गेले. डाळजला शेतीची लाईट आठवडाभर दिवसाची होती, त्या दिवसापासून परत पहाटेची; तात्या मोटरपाशी असतील, फोन हातात असेल, एवढंच गणित होतं. खालून काकूंच्या परातीचा आवाज येत होता. टेकूच्या शेजारी बसून त्या कणीक मळत होत्या. मामा जिन्यात उभे राहून म्हणाले, "नीट बोल. लग्नपत्रिका वाचल्यासारखी वाचू नको."

मी वही उघडली. फोन लावला.

एकच रिंग.

एवढ्या लवकर कोणी उचलेल असं मला वाटलंच नव्हतं. मी इतकी दचकले, की वही गच्चीवरून खाली गेली. वाक्यही तिच्याबरोबर गेलं. पलीकडे मोटरचा आवाज येत होता. मग तो बंद झाला, कोणीतरी खटका खाली केल्यासारखा. मला श्वास ऐकू येत होता, धावत आलेल्या माणसाचा असतो तसा.

मी कठड्यावरून वाकून वही शोधत राहिले. वाक्य काही आठवेना.

"पोरी," तात्या म्हणाले. आवाज इतका बारीक, की मी फोन कानावर दाबला. "समदी भायेर आली का? ती खालची डबेवाली... ती ह्या वक्ताला आतच असती. ती आली का भायेर?"