आडवा धरलेला फोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण "जाऊ दे गं, होतं असं" हे तुम्ही माझ्या तोंडावर म्हणू शकत नाही. ते वाक्य मला नकोच आहे.

मी कोण, ते आधी सांगते. रिसोडला आमचं कापडाचं दुकान. दुकानाच्या वरच्या खोलीतले तागे बाजूला सारून मी टेबल मांडलं आणि मोबाईलची ॲप बनवायला लागले. गिऱ्हाईक वडिलांना विचारायचं, "पोरगी दिवसभर वर काय करून राह्यली?" मी कधी तोंडावर आपटते याची वाट बघणारे गल्लीत पुष्कळ होते. म्हणून मी ठरवलं होतं — आपण चुकायचं नाही. त्या हट्टाची मला आजही लाज वाटत नाही, कुणी कितीही नाकं मुरडोत. पण त्या हट्टापायी मी जे केलं — बघा, सांगायला बसले आणि पुन्हा दुकानातच घुटमळते आहे.

तर, वाशीमच्या एका संस्थेसाठी मी ॲप केलं होतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची नोंद करायची, म्हणजे मागे राहणाऱ्या मुलांची सोय लावता येते. संस्थेच्या सहा बायका वस्त्यांवर फिरून फोनवर फॉर्म भरायच्या. त्यातल्या एक शोभाताई. चाळिशीच्या, मानोऱ्याकडच्या, पायाला भिंगरी लावल्यासारख्या फिरणाऱ्या. आणि नेमके त्यांचेच फॉर्म कोरे यायला लागले. खाली त्यांचं नाव, वर काही नाही.

संस्थेच्या साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. त्यांचं मत आधीच पक्कं झालं होतं — बाई वस्तीवर जात नाही, घरी बसून बटण दाबते. शोभाताई उभ्याच होत्या. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

"मी कोरं कायले पाठवू, साहेब?" त्या म्हणाल्या. "फॉर्म भरला का मी फोन आडवा करतो. आडव्यात अक्षरं मोठी दिसते. म्हातारं माणूस रायते, त्याले दाखवतो, बाईले दाखवतो — पाहा, तुमच्या पोराचं नाव बराबर हाय का. लोकाईची नोंद हाय, त्याईनं पाह्यली पाह्यजे ना. मंग पाठवतो."

त्या "आडवा" म्हणाल्या आणि मला कळलं. तिथेच, त्या खुर्चीत. फोन आडवा केला की ॲप समोरचा पडदा, म्हणजे स्क्रीन, नव्यानं मांडतं. वरून अक्षरं जागच्या जागी दिसतात, पण आतली माहिती गेलेली असते — ती जपून ठेवायची सोय करणाऱ्यानं करायची असते. करणारी मी. आणि मी ती केली नव्हती. माझ्या खोलीत मी फोन कधी आडवा धरून बघितलाच नव्हता. मला कुणाला दाखवायचं होतं? बाकीच्या पाच जणी फॉर्म भरून उभ्या फोनवरूनच पाठवून मोकळ्या व्हायच्या. लोकांना त्यांची नोंद दाखवणारी ही एकटीच होती, म्हणून हिचीच पुसली जात होती.

साहेबांनी मला विचारलं, ॲपमध्ये काही दोष असू शकतो का?

मी नाही म्हणाले. घाबरून, गडबडून नाही — शांतपणे, त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन. वर आणखी सांगितलं की भरलेला फॉर्म कोरा जाऊच शकत नाही. शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, शिकलेली बाई आहे, हिला माहीत असेल.

घरी येऊन मी ॲपच्या कोडमध्ये एक ओळ लिहिली. त्या ओळीनं पडदा उभाच राहतो, फोन कसाही फिरवा. नवं ॲप पाठवताना खाली लिहिलं, किरकोळ सुधारणा. शोभाताईंना तोवर कामावरून काढलं होतं. त्यानंतर एकही फॉर्म कोरा आला नाही, आणि साहेबांनी तोच पुरावा मानला — बाई गेली, गोंधळ थांबला. दुसऱ्या बाईनं त्याच घरांत जाऊन पुन्हा नोंदी घेतल्या. ज्यांना शोभाताईंनी अक्षरं मोठी करून दाखवली होती, त्यांनाही वाटलं की आपल्याला फसवलं. मला मात्र संस्थेनं पुढचं काम दिलं. मी ते घेतलं, चांगलं केलं.

मागच्या वर्षी त्या मला रिसोडच्या बसस्टँडवर भेटल्या. मी तोंड फिरवलं नाही, तेवढं धैर्य माझ्यात होतं म्हणायचं. त्यांनीच विचारपूस केली — घरचं, दुकानाचं. मग म्हणाल्या, "ताई, मी लय इचार केला. मायाच हातानं काही दबलं असन. अडाणी हात आमचे."

त्यांची गाडी लागली होती, पण अजून सुटली नव्हती. वेळ होता. आजूबाजूला माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. साहेब नव्हते, गल्ली नव्हती. काय गेलं असतं माझं?

मी म्हणाले, "असेल."

त्यांनी मान हलवली आणि गाडीत चढल्या.

हे वाचून तुम्ही मला जे म्हणाल, ते मी स्वतःला म्हणून झालं आहे. माफी मागायला मी आलेले नाही. फक्त एवढंच — शोभाताई, तुमच्या हातानं काहीही दबलं नव्हतं. तुम्ही भरलेला प्रत्येक फॉर्म बरोबर होता, आणि ते मला तुमच्यासमोर बसल्या बसल्या कळलं होतं.