डबीतली शीळ

शाहूपुरीतल्या हंबीररावांची हयात साऊंड भाड्यानं देण्यात गेलेली. हल्ली निघालेल्या वीतभर डिजिटल ॲम्प्लिफायरचा त्यांना मनापासून तिटकारा. "ह्यो ॲम्प्लिफायर हाय का साबणाची डबी?" असं ते राजवर्धनला, म्हणजे गल्लीतल्या नव्या साऊंडवाल्याला, तोंडावर विचारत.

त्यांचे दोस्त, पेटीवाले जोतीराम वारले. हंबीररावांच्या मते सगळ्या कोल्हापुरात कान असलेला हा एकच माणूस. बाकीच्यांना नुसत्या पाळ्या. शोकसभेला साऊंड आपलाच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पण जोतीरामांच्या पोरानं, विश्वजितनं, काम राजवर्धनला दिलं.

"काका, तुमचं ॲम्प्लिफायरचं धूड उचलायलाच चार माणसं लागत्यात की," तो म्हणाला.

हंबीरराव सभेला गेले आणि पंचनाम्याला आल्यासारखे पहिल्या रांगेत बसले. भाषणं झाली. आवाज स्वच्छ होता, हे त्यांना मनात कबूल करावं लागलं आणि त्याचाही राग आला. मग अध्यक्षांनी सगळ्यांना श्रद्धांजलीसाठी उभं केलं. सभागृह शांत झालं, तशी त्या डबीतून डासासारखी बारीक शीळ ऐकू येऊ लागली. राजवर्धननं घाईनं आवाज शून्यावर आणला. शीळ चालूच. ती स्पीकरमधून येतच नव्हती. डबीच्या पोटातली कॉइलच ओरडत होती.

हंबीररावांना आधी हसू आलं. त्यांनी मागं वळून पाहिलं. कुणाच्याही कपाळाला आठी नाही. एकजण जांभई देत होता, दुसरा मोबाईल चाळत होता. पेटीचा सूर केसभर उतरला तर ताटावरून उठणारा जोतीराम, आणि त्याच्या नावानं ही चिरचिर! हसू विरलं. ते तडक पुढं गेले आणि त्यांनी प्लग उपटला.

आता कुठं शांतता झाली.

पण नंतर अध्यक्षांचा माईक मुका निघाला आणि गोंधळ उडाला.

"काका, शोभतंय का ह्ये तुमाला?" विश्वजित तडकला.

"डबी वरडत हुती."

"आमाला तर काय ऐकू आलं न्हाय."

"तेच म्हंतोय मी," म्हणत हंबीररावांनी चपला पायांत सरकवल्या.

पोटात दुखलं म्हणून म्हाताऱ्यानं प्लग काढला, अशी बातमी गल्लीभर झाली.

"चार माणसांत तोंड दाखवाय जागा ठेवली न्हाईसा," त्यांच्या पत्नी शालूबाई म्हणाल्या.

"तोंड दाखवण्यासारखी चार माणसं हायत कुठं?" म्हणत त्यांनी जेवायला ताट ओढलं.