लाल कॅप्सूल

“परत आलंय,” ठाण्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी स्कॅनचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. “ऑस्टिओमायलायटिस. म्हणजे हाडात जंतू झालेत. मध्ये औषध बंद केलेलं का?”

“एक दिवससुद्धा नाही, डॉक्टर,” माझे मिस्टर म्हणाले. “ही स्वतः हातावर ठेवते.”

मी मांडीवरची पर्स घट्ट धरली.

तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी जास्त शहाणी असेल, म्हणून हे लिहितेय.

मिस्टर वायरमन. मित्रांबरोबर खडवलीला नदीवर गेलेले, तिथे दगडावरून घसरले. नडगीचं हाड मोडून बाहेर आलं, जखमेत चिखल गेला. ऑपरेशन करून रॉड बसवला, पण महिन्याभरात पू यायला लागला. दीड महिना शिरेतून इंजेक्शनं चालली. मग घरी जाताना दोन औषधं दिली.

डॉक्टरांनी मला नीट समजावलेलं. “हे जंतू हाडाच्या पेशींच्या आत शिरून लपतात. बरीचशी औषधं आत नीट पोचत नाहीत. रिफाम्पिसिन, म्हणजे ही लाल कॅप्सूल, आत जाते. दुसरी गोळी तिच्या जोडीला. जखम सुकली तरी दोन्ही तीन महिने घ्यायच्या.”

दिव्याला आमच्या घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी मिस्टर बाथरूममधून ओरडले, “अगं मंगल, रक्त जातंय!”

लघवी लालभडक. बनियनच्या काखेतही तोच रंग. माझे वडील किडनीच्या आजाराने गेले, त्यांचंही लाल लघवीनेच सुरू झालेलं. डॉक्टरांना एक फोन करायचा की नाही? पण ओरडतील म्हणून केला नाही. लाल कॅप्सूल गुपचूप बंद केली आणि तिच्या जागी शक्तीची कॅप्सूल हातावर ठेवायला लागले. वर मिस्टरांना सांगितलं, उष्णता झालीय, धने-जिऱ्याचं पाणी घ्या. आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याची कायम बोंब, तरी रोज दोन तांबे करायचे.

दोन दिवसांत रंग गेला. मिस्टर खूश. “मंगलच्या धने-जिऱ्याच्या पाण्यापुढे डॉक्टर काय!” शेजारच्या वहिनींनाही सांगून आले. मीही हसून मान डोलावली. मला खरंच वाटायचं, मी यांची किडनी वाचवली. तपासणीला डॉक्टर विचारायचे, “दोन्ही चालू आहेत ना?” मी हो म्हणायचे.

औषधं संपून दोन महिने झाले आणि नडगी सुजली, ठणकायला लागली. म्हणून हा स्कॅन.

“मग हे औषध लागूच पडत नाही असं धरावं लागेल,” म्हणत डॉक्टरांनी पेन उचललं. “बदलून देतो.”

तेव्हा मात्र माझ्याच्याने राहवेना. “लाल कॅप्सूल मी दिलीच नाही,” म्हणाले आणि रडायला लागले.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. “ताई, तो रंग त्या औषधाचाच. तो दिसला म्हणजे औषध अंगात जातंय. पहिल्याच दिवशी सांगितलेलं.” रंगाचं यांना सांगितलं असेल. मी तेव्हा खाली मेडिकलच्या रांगेत होते आणि यांचं सगळं लक्ष घरी जाण्यात.

मिस्टर फरशीकडे बघत होते. “मला तरी सांगायचंस गं,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या ऑपरेशनमध्ये मेलेलं हाड काढलं. पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा त्याच दोन गोळ्या, त्या अजून चालू आहेत. पाय वाचला, त्या डॉक्टरांचे उपकार जन्मभर विसरणार नाही. पण पाय आखूड झालाय. शिडी चढता येत नाही, वायरमनचं काम सुटलं. डोंबिवलीला एका दुकानात काउंटरवर बसतात. हे माझ्यामुळे झालं. कोणी समजूत घालायला आलं की मला उलट चीड येते.

रंग दिसू दे, उलटी होऊ दे, आधी डॉक्टरांना फोन करा. ओरडा खाल्लेला परवडतो.

रोज सकाळी चहाच्या आधी मी गोळ्या त्यांच्या हातावर ठेवते. पूर्वी टीव्हीकडे बघत गिळायचे. आता हात खिडकीपाशी नेतात, लाल कॅप्सूल आहे ना ते बघतात, मग तोंडात टाकतात. मी पाण्याचा ग्लास धरून उभी राहते.