प्लगचा वास

कंधारच्या बसस्टँडमागचा मेकॅनिक इंजिन उघडण्याआधी त्याचा स्पार्क प्लग काढून नाकाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. माझ्या जुन्या पिकअपचं दुखणं त्याने कितीदा नुसत्या वासावर सांगितलं. "हाव, लई पेट्रोल पिऊन राहिली," म्हणायचा, आणि तसंच निघायचं.

मोठ्या तापातून उठून काल तो गॅरेजवर आला. गाडी अडखळत, मिसिंग मारत होती, धूर काळा येत होता. त्याने प्लग काढला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग प्लग माझ्यापुढे धरला.

"जरा वास घ्या भाऊ. पेट्रोल हाय का?"

त्याच्या बोटांवरून पेट्रोल ठिबकत होतं. वासाने माझं डोकं उठलं होतं.

"किंचित येतोय," मी म्हणालो.